क्राऊनच्या दातांवरचा घाट

ट्रकाच्या मागच्या ॲक्सलचं हौसिंग उघडण्याआधी ते ऐकावं. त्यासाठी गाडी भरलेली हवी, रस्ता आधी चढाचा आणि मग उताराचा हवा, आणि शेजारी बसलेल्याने थोडा वेळ गप्प राहावं. इंजिनाच्या गोंगाटातून मागचा सूर वेगळा काढायला कान तयार व्हावा लागतो. तो तयार झाला की हौसिंग आपल्या पोटातलं बरंच काही बाहेरच सांगून टाकतं. ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढत असताना मागून एकसुरी घुमणारा आवाज आला आणि पाय उचलताच विरला, तर क्राऊन-पिनियनच्या दातांची ओढीची बाजू बोलते आहे. उतारावर इंजिनने गाडी आवरताना आवाज सुरू झाला, तर दातांची दुसरी बाजू संशयात घ्यावी. ओढ असो वा नसो, खरखर कायम राहिली तर ते बेअरिंग. फक्त वळणावर कुरकुर झाली तर डिफरेन्शियलच्या आतले सन-स्टार गिअर. आणि ठरावीक फेऱ्याला एक एक ठोका पडत असेल तर गाडी तिथेच उभी करावी. दात तुटलेला असण्याची भीती असते आणि त्याचा तुकडा तेलात फिरत असतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका जुन्या टाटा 1613 चं हौसिंग उघडलं गेलं, तेव्हा मी शेवटपर्यंत तिथे उभा होतो. ही गाडी रत्नागिरीच्या बाजूने जांभ्या दगडाचे चिरे भरून आंबा घाटाने वर यायची आणि बहुतेकदा रिकामी खाली जायची. तक्रारी दोन होत्या. चढाला 35 ते 45 च्या वेगात घुमणारा आवाज, आणि डाव्या चाकातून पुन्हा पुन्हा गळणारं तेल. मालकाचा बेत ठरलेला होता. भंगारबाजारातून अख्खं हौसिंग आणायचं, चढवायचं, आणि गाडी पुन्हा घाटाला लावायची. मिस्त्री वयाने मोठे. ते एवढंच म्हणाले, “मालक, टाकायचं का ठेवायचं ते आत बघून ठरवूया की. बाहेरनं किती कळणार?”

जुना ट्रक बाळगणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो. माझं मत असं, की पैशांचा हिशेब मांडण्याआधी लोखंड वाचून घ्यावं. दात, बेअरिंगं, सीलं हा झिजण्यासाठीच दिलेला माल आहे. हौसिंगची नळी आणि तिची दोन टोकं मात्र गाडीच्या आयुष्याला पुरावीत म्हणून घडवलेली असतात. दुरुस्त करायचं की बदलायचं याचा निकाल या नळीवर लागतो. आवाज भले कितीही मोठा असो.

या रचनेचं सौंदर्य कळल्याशिवाय तिची झीजही कळत नाही. गाडीचं वजन चासीवरून कमानपाट्यांवर येतं, पाट्यांवरून हौसिंगवर, आणि हौसिंगच्या टोकांवर बसलेल्या टेपर रोलर बेअरिंगांतून हबवर आणि चाकांवर उतरतं. नळीच्या पोटातून जाणारा शाफ्ट या वजनाला शिवतसुद्धा नाही. त्याने फक्त पीळ सोसायचा. आतल्या टोकाच्या स्प्लाइनमधून ताकद घ्यायची आणि बाहेरच्या फ्लँजमधून हबला द्यायची. म्हणून रस्त्यात शाफ्ट तुटला तरी चाक निखळत नाही. फ्लँजचे नट सोडून शाफ्ट ओढून काढता येतो, त्यासाठी गाडी जॅकवर उचलावीही लागत नाही. वजनाची वाट आणि ताकदीची वाट इतकी स्वच्छ वेगळी करणारी ही फुल फ्लोटिंग रचना मला ट्रकाच्या सगळ्या अंगांमध्ये सर्वांत देखणी वाटते. टाटांची टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचा करार 1954 चा. तो 1969 मध्ये संपला आणि गाड्यांच्या नाकावरचा मर्सिडीजचा तारा गेला. पण त्या काळात रुजलेली भक्कम घडणीची शिस्त पुढच्या टाटांच्या पोटात बराच काळ टिकून राहिली, आणि मागचं हौसिंग हा त्याचा मला दिसणारा सर्वांत ठाम पुरावा आहे.

चार टायरांच्या मागच्या ॲक्सलवर कायद्याने 10.2 टन भार चालायचा. 2018 मध्ये ही मर्यादा 11.5 टनांवर गेली, तीही नव्या गाड्यांसाठी. ही गाडी 10.2 च्या काळातली, आणि चिऱ्याच्या वाहतुकीत तिच्यावर त्याहून जास्त भार पडलेला असणं अगदी शक्य होतं. म्हणून पहिला प्रश्न, नळी सरळ आहे का?

याचं पहिलं उत्तर टायर देतात. पाट्यांखाली भार नळीला खाली दाबतो आणि टोकांना चाकं तिला वर ढकलतात. नळीने हार मानली तर टोकं वर जातात, चाकांचे माथे आत झुकतात, जोडचाकांतल्या आतल्या टायरवर जादा भार येतो आणि त्याची आतली कड आधी जाते. या गाडीचे मागचे चारही टायर सारखे झिजले होते. मिस्त्रींना तेवढं पुरेसं वाटलं नाही. गाडी घोड्यांवर घेऊन त्यांनी दोन्ही बाजूंना ओळंबा सोडला, वरचं आणि खालचं अंतर मोजलं. मग दोन्हीकडच्या आतल्या रिमांमधलं अंतर हबच्या उंचीवर पुढून आणि मागून ताडून पाहिलं. फरक नव्हता. शेवटी पाट्यांची बैठक. हौसिंगला चीर पडली तर बहुधा इथेच पडते. बैठकीभोवतीचा चिखल खरवडून, रॉकेल लावून, पुसून, वर खडू फासला. चिरेत शिरलेलं रॉकेल थोड्या वेळाने खडूतून काळ्या रेषेने वर येतं. खडू पांढराच राहिला. मला विचाराल तर निकाल अर्धाअधिक इथेच लागला होता.

डाव्या चाकाच्या गळतीने मालकाला सगळ्यांत जास्त छळलं होतं. सील बदललं, पुन्हा गळलं. पुन्हा बदललं, पुन्हा तेच. तेल ब्रेकच्या लायनरवर उतरायचं आणि घाटात ब्रेक एका बाजूला ओढायचा. दोनदा बदललेलं सील तिसऱ्यांदा गळतं तेव्हा सीलाला दोष देणं थांबवावं. हौसिंगच्या माथ्यावर एक छोटा ब्रीदर असतो. घाटात तेल तापतं, आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. तो लाल मातीने गच्च भरलेला होता. हवेला वाट उरली नाही, मग तिने सीलाच्या ओठांमधून तेलच बाहेर ढकललं. रस्त्याचा उतार आपल्याकडे डावीकडे असतो, त्यामुळे तेलही डाव्या टोकाला जास्त जमतं. हौसिंग बदलायला निघालेल्या मालकाच्या दोन तक्रारींपैकी एक इथे संपली, एक सुईभर वाट मोकळी करून.

तेल काढलं तेव्हा ते काळं होतं, पण पांढुरकं नव्हतं. पाणी शिरलं की गिअर ऑइल ताकासारखं दिसतं आणि मग आतल्या प्रत्येक बेअरिंगवर गंज शोधावा लागतो. या तेलाला गंधकाचा उग्र वास असतो, तो दातांमधल्या जबर दाबाखाली टिकणाऱ्या मिश्रणांचा. तोही जळका नव्हता. ड्रेन प्लगच्या चुंबकावर मऊ राखाडी लगदा होता, तो तर प्रत्येक जुन्या गाडीत सापडतो. त्या लगद्यात बोटाला टोचणारे दोन-तीन पातळ पापुद्रे होते. मिस्त्रींनी ते तळहातावर घेऊन उजेडात फिरवले. एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने खडबडीत. बेअरिंगच्या किंवा दाताच्या कातडीचे असे पापुद्रे निघायला लागले की आवाजाचं मूळ आत आहे यात शंका राहत नाही.

शाफ्ट सुटे करून जमिनीवर आडवे ठेवले. शाफ्टचा आत्मा त्याच्या स्प्लाइनमध्ये असतो. खाचांच्या रेषा शाफ्टच्या अक्षाला समांतर असतील तर त्याने सोसलेला पीळ त्याच्या ताकदीतला होता. रेषा किंचित तिरप्या झाल्या असतील तर शाफ्टने एकदा तरी हद्द ओलांडली आहे आणि तो पुढच्या चढाला तुटणार. दोन्ही शाफ्ट सरळ होते. हब काढल्यावर नळीच्या टोकावरची बेअरिंगची बैठक पाहिली. इथे थोडं थांबायला हवं, कारण पुष्कळ हौसिंगांचा जीव या बैठकीवर जातो. बेअरिंग सैल राहिलं किंवा ग्रीस संपलं की त्याची आतली कडी टोकावर फिरायला लागते आणि बैठक खाते. मग कोणीतरी वेल्डिंगचा थर देऊन लेथवर घासून माप आणतो. तात्पुरतं चालतं. पण तापवलेलं टोक थोडं तरी वाकतं, मूळचं पोलाद तिथे राहत नाही, आणि चाक डुगडुगू लागायला फार दिवस लागत नाहीत. या गाडीच्या दोन्ही बैठका गुळगुळीत होत्या, नवी कडी हाताने जेमतेम सरकेल अशा.

ब्रेकबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लायनर तेलाने भिजलेले, ते बदलायचेच होते.

मग पोटातला भाग जॅकवर तोलून बाहेर काढला. त्याच्या बेअरिंग कॅपवर पंचाने मारलेले ठिपके होते, डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला दोन. कॅप आणि बुड एकत्र धरून भोक पाडलेलं असतं, म्हणून कॅपची अदलाबदल झाली तर बेअरिंगला गोल घर मिळत नाही, ठिपके त्यासाठी. म्हणजे कोणीतरी सावध माणसाने हे आधी उघडलं होतं. पण क्राऊनच्या बोल्टांपैकी तीन डोक्यांवर ताकदीचा आकडा 8.8 होता आणि बाकीच्यांवर 10.9. ठिपके मारणारा आणि हे तीन बोल्ट घालणारा माणूस एक नसावा, असं मला वाटतं. क्राऊनच्या बोल्टांवर ट्रकाची सगळी ओढ येते. तिथे कमी ताकदीचा एक बोल्टसुद्धा बाकीच्यांवर अन्याय करतो.

आता क्राऊन. 41 दातांचं मोठं चाक, आणि त्याच्याशी गुंतलेलं 6 दातांचं पिनियन. जुन्या टाटांत 6×41, 6×37, 7×41 अशा जोड्या फिरतात. 37 आणि 41 या संख्यांना दुसऱ्या कशाने भाग जात नाही, आणि यात मोठी युक्ती आहे. 6×41 च्या जोडीत पिनियनचा एक दात क्राऊनच्या एका दाताला भेटला की त्याच दाताची पुन्हा गाठ पडायला पिनियनचे 41 फेरे व्हावे लागतात. मधल्या काळात तो उरलेल्या 40 दातांना भेटून आलेला असतो. त्यामुळे एका दाताचा दोष दुसऱ्या एकाच दातावर घासत बसत नाही, झीज सगळ्यांमध्ये वाटली जाते. वाचणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ फार उपयोगाचा आहे. सगळे दात सारखे दिसायला हवेत. एखाद्याच दाताची ठेवण वेगळी दिसली तर तिथे काहीतरी घडलेलं आहे.

दातांची ठेवण हायपॉइड. पिनियनचा अक्ष क्राऊनच्या अक्षाला छेदत नाही, थोडा खालून जातो. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या ग्लीसन कंपनीने 1920 च्या दशकात ही कातणी बाजारात आणली आणि पॅकार्ड मोटारींनी ती आधी स्वीकारली. अक्ष खाली नेल्याने पिनियन जाड करता येतं, एकाच वेळी जास्त दात गुंततात, आणि काम शांत होतं. त्याची किंमतही आहे. दात एकमेकांवर लोळतात तसे लांबीच्या दिशेने घसरतातही, म्हणून साधं तेल इथे टिकत नाही. वळलेल्या त्या दातांवरून बोट फिरवलं की कळतं, एकाही ठिकाणी सरळ रेषा नाही, आणि तरीही सगळी ताकद एका सरळ रस्त्याला लागते.

मागच्या चाकाचा घेर साधारण सव्वातीन मीटर धरला तर किलोमीटरला क्राऊनचे सुमारे 300 फेरे होतात. 4 लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत क्राऊन 12 कोटी वेळा फिरलेला असतो आणि पिनियन 82 कोटी वेळा. पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या दातापेक्षा जवळजवळ सातपट राबतो. म्हणून निदान करणाऱ्याने आधी पिनियन पाहावं आणि मग क्राऊनकडे वळावं.

मिस्त्रींनी दात डिझेलने धुऊन कोरडे केले, शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या काही दातांवर पातळ लावला, आणि क्राऊनला लाकडाच्या पाचरीने थोडा अडसर देत पिनियन दोन्ही दिशांना फिरवलं. देवाला लावतात तोच शेंदूर. शिशाचा हा लाल ऑक्साइड फिटर लोकांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या आहे. पिनियनचा दात जिथे टेकतो तिथला शेंदूर पुसला जातो आणि धातूचा लांबट डाग उघडा पडतो. दाताचं आतलं टोक अरुंद, बाहेरचं रुंद. डाग दाताच्या उंचीच्या मध्यावर आणि लांबीत थोडा आतल्या टोकाकडे असावा, म्हणजे भार आल्यावर तो सरकून मधोमध येतो.

इथे ओढीच्या बाजूचा डाग बाहेरच्या टोकाला आणि वरच्या कडेला गेला होता. दुसऱ्या बाजूचा डाग आतल्या टोकाला, तोही वरच. हे चित्र एकच गोष्ट सांगतं. पिनियन आपल्या जागेवरून मागे, क्राऊनपासून दूर सरकलं आहे. पिनियनची फ्लँज धरून हलवली तेव्हा ते हाताला जाणवलंही. पिनियनच्या बेअरिंगांतला ताण संपला होता. गाडी ओढताना पिनियनवरचा दाब त्याला मागे रेटतो; बेअरिंग सैल, म्हणून ते मागे जायचं, दात कडेवर टेकायचे आणि मागून तो घुमणारा आवाज उठायचा. उतारावर दाब उलटा, पिनियन पुढे यायचं, आवाज बंद. रस्त्यावर कानाने ऐकलेलं इथे डोळ्यांना दिसत होतं.

आणि मग दोन बाजूंमधला फरक. क्राऊनच्या दाताची ओढीची बाजू बाहेरून फुगीर असते. तिच्यावर बाहेरच्या टोकाला बारीक खड्डे पडले होते, पिनियनवर तर त्यांची सलग पट्टी झाली होती. दुसरी, खोलगट बाजू जवळजवळ नवी होती, नुसती झिलई. घाट उतरताना इंजिन गाडीला आवरतं तेव्हा ही खोलगट बाजू भार घेते. पण ही गाडी भरलेली वर यायची आणि रिकामी खाली जायची. आंबा घाट तिच्या दातांच्या एकाच बाजूवर लिहिला गेला होता. देशावरून सिमेंट किंवा धान्य भरून कोकणात उतरणाऱ्या आणि रिकाम्या परतणाऱ्या गाडीची दुसरी बाजूही अशी निर्मळ सापडणार नाही. गाडीमालकाचं नाव, मार्ग, माल काहीही न सांगता नुसता हा क्राऊन कोणी माझ्यासमोर ठेवला असता, तरी ती गाडी भार घेऊन चढते आणि हलकी होऊन उतरते एवढं ठामपणे सांगता आलं असतं. लोखंडाच्या वाचनातला हा आनंद मला कुठल्याही चांगल्या लेखनाच्या वाचनाइतकाच मोठा वाटतो.

खड्डे पडलेल्या दातांचं पुढे काय? जुन्या जात्याला टाकी लावून पुन्हा धार आणता येते. क्राऊनला तशी सोय नाही. दाताची वरची कातडी साधारण मिलिमीटरभर कडक केलेली असते, आतलं पोलाद मऊ आणि चिवट. खड्डा कातडी फोडून आत गेला की घासून, पॉलिश करून काही साधत नाही. आणि नुसतं पिनियन बदलणं तर अजिबात नाही. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडी म्हणून तयार होतात, दोघांवर एकच जोडी-क्रमांक कोरलेला असतो. नव्या पिनियनला जुना क्राऊन पहिल्या चढापासून खाऊ लागतो.

इथे एक भेद करायला हवा, कारण पुष्कळ चांगल्या जोड्या त्याच्या अज्ञानाने मारल्या जातात. दात निर्मळ असते आणि फक्त बेअरिंग गेलेलं असतं, तर जुनीच जोडी ठेवून नवी बेअरिंगं घालणं योग्य होतं. पण मग पिनियनची शिम, म्हणजे त्याची जागा ठरवणारी पातळ चकती, तीच ठेवायची आणि दातांमधला खेळही जुन्या झिजेला जुळेल तेवढाच राखायचा. लाखो किलोमीटर एका जागी रुळलेल्या दातांना पुस्तकातल्या नव्या मापावर आणलं की ते अनोळखी जागी टेकतात, जास्त ओरडतात आणि लवकर मोडतात. सारखी झीज झालेली, थोडी गुणगुणणारी जुनी जोडी त्रास देत नसेल तर तिला हात लावू नये, असं मी उघडपणे म्हणेन.

या गाडीपुरता निर्णय मात्र आता स्पष्ट होता. हौसिंग सरळ, बैठका शाबूत, शाफ्ट नीट, डिफरेन्शियलचा पिंजरा आणि सन-स्टार चांगले. गेलेली फक्त झिजण्यासाठी दिलेली माणसं... मिस्त्री बेअरिंगांना आणि दातांना ‘माणसं’च म्हणतात, तो शब्द मीही उचलला. नवी 6×41 जोडी, पिनियनची आणि पिंजऱ्याची सगळी बेअरिंगं, सगळी सीलं, क्राऊनचे सगळे बोल्ट 10.9 चे. मालकाने विचारलं, “मामा, एवढ्यात अख्खं हौसिंग येतंय की भंगारात.” मिस्त्री म्हणाले, “येतंय. पण त्याची नळी सरळ हाय का, दात कसलं हाईत, हे कोण सांगणार? ह्याचं आपल्याला समदं कळलंय.” एका ओळीत सगळा न्याय आला.

याच आवारात दुसऱ्या टोकाला उसाच्या वाहतुकीची एक गाडी उभी होती. तिच्या पाट्यांच्या बैठकीजवळ वेल्डिंगचे दोन जुने थर होते आणि तिसरी चीर त्यांच्या बाजूने निघाली होती. उजव्या टोकाची बैठक भरून घासलेली. दात मात्र सुंदर होते, शेंदराचा डाग अगदी जागच्या जागी. तिथे मिस्त्रींनी क्षणाचाही विचार न करता हौसिंग बदलायला सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. शेतातल्या सऱ्यांतून भरलेली गाडी एका चाकावर तोलत बाहेर काढताना नळीवर जो पीळ येतो, तो वेल्डिंगच्या थराने पेलत नाही. तिचे चांगले दात मात्र नव्या हौसिंगमध्ये, त्याच शिमा घेऊन, अजून पुष्कळ चालतील.

नवी जोडी बसवण्याचं काम मला या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत नाजूक वाटतं. पिनियनची बेअरिंगं अशी आवळायची की त्यांच्यात जराही मोकळीक राहू नये आणि ती गुदमरूही नयेत. मिस्त्रींनी फ्लँजभोवती दोरी गुंडाळली, टोकाला ताणकाटा लावला, आणि फ्लँज सावकाश फिरायला किती ओढ लागते ते वाचलं. जास्त लागली, म्हणून एक पातळ शिम वाढवली. पुन्हा दोरी, पुन्हा काटा. दातांमधला खेळ डायलवर साधारण 0.20 ते 0.30 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, आणि जोडीसोबत वेगळा आकडा दिलेला असेल तर तोच प्रमाण. मग शेंदूर. पहिल्यांदा डाग थोडा वर आला, पिनियन एका शिमेने आत घेतलं. पिनियन सरकवलं की डाग मुख्यतः वर-खाली होतो, क्राऊन सरकवला की मुख्यतः दाताच्या लांबीत. दोन्ही एकमेकांना थोडे ओढतात, म्हणून घाई चालत नाही. शेवटी तो लांबट डाग दोन्ही बाजूंना जागेवर बसला तेव्हा मिस्त्रींनी हात पुसले आणि चहा मागवला. नव्या जोडीला सुरुवातीला हलका भार द्यावा आणि पहिल्या हजारभर किलोमीटरनंतर तेल बदलावं, एवढं त्यांनी मालकाला बजावून सांगितलं. ब्रीदर दर खेपेला बोटाने साफ करायला सांगितला, तो क्लीनरला.

ज्यांना हौसिंग बदलावंच लागणार आहे, त्यांनी बाजारात गेल्यावर काही गोष्टींवर हटून बसावं. पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करून दोन्ही हब एकत्र एक फेरा फिरवा आणि फ्लँजचे फेरे मोजा. पावणेसातच्या थोडे वर भरले तर 6×41, सहाच्या थोडे आत भरले तर 7×41. या दोघांत सातवा हिस्सा ओढीचा फरक आहे. सपाटीवर 7×41 ची गाडी बरी पळेल, पण भरलेल्या घाटात ती एक गिअर खाली मागेल. पाट्यांच्या बैठकींमधलं अंतर, ड्रमचं माप, चाकाच्या बोल्टांची संख्या आणि प्रॉपशाफ्टची फ्लँज जुळली पाहिजे. मोठ्या क्षमतेचं हौसिंग घातलं म्हणून आरसी बुकातला भार वाढत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ घडणीपासून वेगळा बदल करू देत नाही, आणि जुन्या गाडीला दरवर्षी फिटनेसच्या तपासणीला उभं राहायचं असतं. ओळंबा, रॉकेल, खडू आणि शेंदूर सोबत न्या, टोकांच्या बैठका हब काढून डोळ्यांनी पाहा. विकणारा हब काढू देत नसेल तर किंमत कितीही कमी सांगो, ते हौसिंग घेऊ नका.